‘भांडण’, ‘तंटा’ आणि ‘संघर्ष’ : एक अर्थविचार

‘भांडण’, ‘तंटा’ आणि ‘संघर्ष’ हे शब्द सामान्यतः समानार्थी मानले जातात. मात्र त्यांच्या उपयोजनाकडे पाहिले असता प्रत्येकात विरोधाचे वेगळे स्वरूप गृहीत धरलेले दिसते.

बखरींच्या मराठीत किल्ला ‘भांडविणे’ म्हणजे तो लढविणे होय. पुढे ‘भांडण’ या शब्दातील शस्त्र गळून पडले आणि वाणी उरली. आज भांडण जुंपते, उकरून काढता येते, विकतही घेता येते. परंतु त्यासाठी काही एक नाते लागते. नामदेव, जनाबाई विठ्ठलाशी भांडतात, ते जवळिकीच्या बळावरच. तेथे ‘संघर्ष’ हा शब्द शोभणार नाही. ‘तंटा’ सहसा बांधाचा, वाटणीचा असतो. तो ‘मिटविला’ किंवा ‘तोडला’ जातो. म्हणजे त्यात तिऱ्हाईत पंच अभिप्रेत असतो. २००७ साली महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या गावमोहिमेच्या नावात ‘तंटामुक्त’ हेच विशेषण आले, ते यामुळे अन्वर्थक ठरते.

‘संघर्ष’ हा ‘सम्’ उपसर्ग आणि ‘घृष्’ म्हणजे घासणे या धातूपासून साधलेला शब्द. संस्कृतात त्याचे घर्षण आणि स्पर्धा असे अर्थ आहेत. आधुनिक मराठीत नाट्यसमीक्षेने तो पात्राच्या अंतर्मनापर्यंत नेला, तर ‘वर्गसंघर्ष’ या संज्ञेने समाजरचनेपर्यंत. संघर्षाला समोर बोलणारा माणूस असावाच लागतो असे नाही. परिस्थिती वा व्यवस्था हाही प्रतिपक्ष असू शकतो.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. महाडचे चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव तेथील नगरपालिकेने १९२४ साली केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी त्या तळ्याचे पाणी प्याले आणि त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले. या घटनेस ‘दोन गटांतील तंटा’ म्हटले, तर मारणारे व मार खाणारे एका पातळीवर येतात. हक्काचा प्रश्न मागे पडून शांततेचा तेवढा पुढे येतो. ‘संघर्ष’ म्हणताच विषमता हा प्रतिपक्ष ठरतो.

१९४२ साली नागपूर येथे बाबासाहेबांनी इंग्रजीतून दिलेल्या त्रिसूत्रीत ‘चळवळ करा’ या अर्थाचे क्रियापद दुसऱ्या स्थानी होते. मराठीत रूढ झालेल्या ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ या रूपात त्याच्या जागी ‘संघर्ष’ आला आणि तोही अखेरीस. लोकव्यवहाराने केलेली ही निवड या शब्दास मराठीत लाभलेल्या नैतिक वजनाची साक्ष देते. म्हणूनच विरोधाच्या वर्णनासाठी शब्द निवडणे म्हणजे पुष्कळदा त्याविषयी आधीच निवाडा देणे होय.