झोप कशाला म्हणायचे, हे तपासता येऊ लागले

फळमाशीही झोपते, हे २००० साली दोन स्वतंत्र संशोधनगटांनी दाखवले. पुढे सलग पाच मिनिटे हालचाल नसेल तर ती झोप, हा निकष रूढ झाला. काचेच्या बारीक नळीत माशी सोडायची, मध्यावरून अवरक्त किरण सोडायचा आणि तो कितीदा तुटला ते मोजायचे. पण माशी एका टोकाला खाद्य चाखत राहिली तर किरण तुटत नाही आणि जागी माशी झोपलेली ठरते. म्हणूनच झोपेच्या मोजणीच्या गेल्या पाव शतकाचा मागोवा घेताना मला ठामपणे वाटते की, मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरची मोठी कमाई वेग किंवा पैशांची बचत ही नाही. झोप म्हणून आपण नेमके काय मोजतो, हे त्यामुळे कुणालाही तपासता येऊ लागले.

२००९ मध्ये माशीच्या झोपेच्या नोंदींचे विश्लेषण करणारे, पायथन या संगणकभाषेत लिहिलेले ‘पायसोलो’ आले. २०१७ च्या ‘इथोस्कोप’ने रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि कॅमेरा वापरून माशीची हालचाल थेट टिपली. २०१९ मध्ये अशा नोंदींच्या विश्लेषणासाठी ‘रीथॉमिक्स’ मिळाले. उंदरांबाबत झोप ओळखण्याचा प्रश्न अधिक अवघड होता. मेंदूच्या लहरी आणि स्नायूंचे संकेत काही सेकंदांच्या तुकड्यांत पाहून जाग, गाढ झोप की स्वप्नझोप, हे माणूस ठरवी. दोन जाणकारांचे उत्तर मात्र नेहमी जुळत नसे. २०१९ मध्येच आलेल्या ‘अ‍ॅक्यूस्लीप’ने हे काम संगणकाकडे दिले, पण प्रत्येक उंदराच्या थोड्या नोंदी माणसाने आधी तपासून द्याव्यात, ही अटही उघडपणे मांडली.

फुकटचे सॉफ्टवेअर लिहिणारा विद्यार्थी निघून गेला की ते बेवारस होते, हा आक्षेप खरा आहे. पण कोड गुप्त ठेवणारी सॉफ्टवेअर कंपनी बंद पडली तर संशोधकाच्या हाती काहीच उरत नाही. खुला कोड दुसरा कुणी पुढे नेऊ शकतो. कर्जतजवळच्या दहिवलीतल्या शेतकऱ्याला हा फरक ठाऊक आहे: कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या ‘कर्जत-३’ या भातवाणाचे बियाणे घरी राखता येते, तिथलाच संकरित ‘सह्याद्री’ मात्र दरवर्षी विकत घ्यावा लागतो. कोड वाचणारी माणसे कुठून आणायची, असेही विचारले जाते. शिक्षणात मुक्तस्रोत सॉफ्टवेअर रुजवणारा मुंबईच्या आयआयटीतला ‘फॉसी’ प्रकल्प अशी माणसे घडवण्याचेच काम करतो आहे. तेव्हा झोपेवरच्या प्रत्येक शोधनिबंधासोबत कच्च्या नोंदी आणि कोड दिलाच पाहिजे. पाचऐवजी दहा मिनिटांचा निकष लावला तर निष्कर्ष टिकतो का, हे कर्जतच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही स्वतः करून पाहता आले पाहिजे.