घरासाठी इंधनाची निवड

म्हैसूरहून टी. नरसीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वरुणा हे गाव आहे. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून बराच उंच असल्यामुळे येथील हिवाळ्यातील पहाट गार असते. तरीही घर उबदार ठेवण्यासाठी वेगळ्या शेगडीची गरज पडत नाही. ग्रामीण घरात उष्णता लागते ती मुख्यतः दोन कामांसाठी : स्वयंपाक आणि स्नानाचे पाणी. म्हणून इंधनाची निवड करताना या दोन गरजांचा स्वतंत्रपणे विचार करणे इष्ट ठरते.

सरपण, गोवऱ्या, नारळाच्या झावळ्या ही पारंपरिक इंधने होत. ती पुष्कळदा विनामूल्य मिळतात, परंतु त्यांची किंमत वेगळ्या रूपाने मोजावी लागते. सरपण गोळा करण्यात स्त्रियांचे कित्येक तास खर्च होतात. चुलीच्या धुरामुळे डोळ्यांचे व फुप्फुसांचे विकार जडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले.

इंधनाची तुलना करण्यासाठी एक साधा हिशेब पाहू. २० लिटर पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवण्यास ५०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडात सुमारे ४००० किलोकॅलरी असतात. मात्र साध्या चुलीत त्यांपैकी जेमतेम १० टक्के उष्णता भांड्याला मिळते. उरलेली वाया जाते. त्यामुळे एवढ्या पाण्यासाठी सव्वा किलो लाकूड जळते. स्वयंपाकाच्या गॅसची शेगडी सुमारे ६० टक्के उष्णता उपयोगात आणते. तेथे हेच काम ७५ ग्रॅम गॅसमध्ये होते. यावरून असे दिसते, की इंधनाइतकेच ते जाळण्याचे साधनही महत्त्वाचे असते.

हे ओळखून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील 'अस्त्र' या केंद्राने 'अस्त्र ओले' ही सुधारित चूल तयार केली. कन्नड भाषेत 'ओले' म्हणजे चूल. तिच्यामुळे सरपण कमी लागते आणि धुराड्यातून धूर घराबाहेर जातो. ज्यांना सरपण सोडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी ही पहिली पायरी होय.

ज्यांच्याकडे गुरे आहेत, त्यांना गोबरगॅस सोयीचा ठरतो. सुमारे २५ किलो ताज्या शेणापासून दररोज एक घनमीटर वायू मिळतो. दोन घनमीटरच्या संयंत्रासाठी चार-पाच मोठी जनावरे व शेणाइतकेच पाणी हवे. थंडीत वायू कमी तयार होतो. परंतु म्हैसूरसारख्या सौम्य हवामानात ही अडचण मोठी नसते. गोवरी जाळली की शेणाची राखच उरते. येथे मात्र वायू मिळूनही शेणकाला खत म्हणून शेताला मिळतो.

गुरे नसलेल्या कुटुंबास सिलिंडरचा गॅस उपयुक्त आहे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत गरीब कुटुंबातील स्त्रीच्या नावे जोडणी दिली जाते. तथापि सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च चालूच राहतो. तो झेपला नाही, तर चूल पुन्हा पेटते. स्नानाच्या पाण्यासाठी छतावरील सौर बंब हा पर्याय आहे. त्याला आरंभी खर्च येतो, पण इंधन लागत नाही. ढगाळ दिवसांसाठी मात्र दुसरी सोय ठेवावी लागते.

थोडक्यात, निवड करण्यापूर्वी गुरे किती, पाणी किती, आरंभीचा व दरमहाचा खर्च किती आणि दुरुस्ती जवळपास होते का, हे प्रश्न विचारावेत. सर्वांना योग्य असे एकच इंधन नाही. दोन साधनांची जोडही उपयोगी पडते. मात्र जिला चुलीपुढे बसावे लागते, तिचे मत या निर्णयात आधी घेतले गेले पाहिजे. कारण धूर तिच्याच श्वासात जातो.