कोरेगावचा घेवडा, सांगलीची हळद आणि परत येणारा पॉलिप

मोठ्या आतड्यातला पॉलिप दुर्बिणीतून काढला, बायॉप्सीत कॅन्सर निघाला नाही, की घरी पहिला प्रश्न येतो: आता काय खावं, म्हणजे हे परत होणार नाही? सांगलीच्या बाजारात हळद इतकी मुरलेली आहे, की उत्तरही तिथूनच सुरू होतं.

आधी पॉलिप परत का येतो ते पाहू. आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी गरजेपेक्षा जास्त वाढल्या की पॉलिप होतो. त्यातल्या अ‍ॅडिनोमा प्रकारातून कॅन्सर होऊ शकतो. बहुतेकांतून होत नाही आणि झाला तरी साधारण दहा वर्षं जातात. डॉक्टर पॉलिप काढतात, पण अस्तर तेच राहतं, वय वाढतंच. म्हणून नव्या जागी नवा पॉलिप येतो.

अमेरिकेत ‘पॉलिप प्रिव्हेन्शन ट्रायल’मध्ये अ‍ॅडिनोमा काढलेले 2,079 जण घेतले. निम्म्यांना कमी चरबीचा, भरपूर फळं-भाज्या आणि तंतूंचा आहार सांगितला. सुमारे चार वर्षांनी दोन्ही गटांत पॉलिप परत आलेले 40 टक्क्यांच्या आसपासच होते. 2000 साली आलेला हा निकाल निराश करणारा होता.

पण याच लोकांच्या आहाराच्या नोंदी पुन्हा तपासल्यावर दुसरं काही दिसलं. ज्यांनी घेवडा-राजम्यासारख्या कडधान्यांचं प्रमाण सर्वांत जास्त वाढवलं, त्यांच्यात धोकादायक अ‍ॅडिनोमा, म्हणजे एक सेंटिमीटर किंवा मोठा वा पेशी जास्त बिघडलेला, परत येण्याची शक्यता 65 टक्के कमी होती. 2008 साली फ्लेवोनॉल या वनस्पतीजन्य घटकांबाबत 76 टक्क्यांचा फरक दिसला. ते घेवड्यात, कांद्यात, सफरचंदात, चहात असतात. यातले काही लहान आतड्यात शोषले जातात. उरलेले मोठ्या आतड्यात पोचतात आणि जिवाणू त्यांचं विघटन करतात. घेवड्याच्या तंतूंपासून तेच जिवाणू ब्यूटिरेट बनवतात, जे अस्तराच्या पेशींचं इंधन आहे. मात्र घेवडा खाणाऱ्यांच्या बाकीच्या सवयीही वेगळ्या असू शकतात. त्यामुळे याला पुरावा नव्हे, भक्कम इशारा म्हणावं.

हळदीचं उलट झालं. आनुवंशिक पॉलिपच्या पाच रुग्णांना हळदीतलं कर्क्युमिन आणि क्वेर्सेटिन हे फ्लेवोनॉल दिल्यावर पॉलिप घटले, असं 2006 मध्ये छापून आलं. 2018 मध्ये 44 रुग्णांचा अभ्यास आला: वर्षभर रोज 3 ग्रॅम कर्क्युमिन आणि गुण काहीच नाही. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के असतं, म्हणजे तेवढ्यासाठी रोज 100 ग्रॅम हळद लागेल. आमटीतली हळद खुशाल खावी. महागड्या कॅप्सूलवर मात्र पैसे घालवू नयेत. जादा मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

कोरेगावच्या लाल पट्ट्यांच्या वाघ्या घेवड्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून टाकून, चांगला उकळून मऊ शिजवावा. अर्धकच्चा घेवडा पोट बिघडवतो. कांद्याचं फक्त वाळलं साल काढावं, कारण फ्लेवोनॉल बाहेरच्या पाकळ्यांत जास्त असतात.

पुढची दुर्बीण कधी, हे पॉलिपची संख्या, आकार आणि प्रकार यावर ठरतं. बायॉप्सीचा कागद जपून ठेवा आणि मधेच शौचातून रक्त गेलं, तर मूळव्याध समजून थांबू नका.