विचारणाऱ्या मुलास उत्तर कोण देणार?

१९३४ साली मुंबईच्या न्यायालयात एका मराठी मासिकावर अश्लीलतेचा खटला चालला. मासिक होते ‘समाजस्वास्थ्य’, संपादक रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हस्तमैथुन व समलिंगी आकर्षण यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना कर्व्यांनी सरळ उत्तरे दिली, एवढाच त्यांचा अपराध. लैंगिक विषयावरील लेखन तेवढ्याने अश्लील ठरत नाही, आणि कोणी शंका विचारली तर तिचे निरसन का करू नये, असा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता. तो मान्य झाला नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला; मासिक मात्र त्यांच्या निधनापर्यंत, १९५३ पर्यंत, निघत राहिले.

या गोष्टीस नव्वद वर्षे उलटून गेली. आमच्या बोरगावात संत्र्यांच्या मुलुखात कारखाने उभे राहिले. २०२३ मध्ये आमचा सौंसर तालुका छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेला. परंतु येथील एखाद्या चौदा वर्षांच्या मुलाला, आपले मन मुलींकडे न ओढता मुलाकडेच का ओढते, असा प्रश्न पडला तर त्याने तो कोणास विचारावा, हे अद्याप ठरलेले नाही. घरी मराठी, शाळेत हिंदी. दोन्ही भाषांत त्याच्या कानी पडते ती शिवीच. २००७ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी शाळांतील लैंगिक शिक्षणास विरोध करून ते अडविले. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. पाळी, रक्तक्षय यांवर बोलणे आता जमू लागले. या मुलांचा विषय निघाला की आम्हा वडीलधाऱ्यांचा घसा कोरडा पडतो.

‘शिकवाल तर मुले तशीच होतील’ हा आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकतो. आकर्षण शिकवून येत नाही आणि दटावून जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलिंगी आकर्षणास रोगांच्या यादीतून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींमधील संमतीच्या समलिंगी संबंधांस गुन्ह्यातून मुक्त केले. मुलाचे आकर्षण ‘बदलून देण्याचा’ उपचार करणे हे डॉक्टरच्या व्यवसायास न शोभणारे वर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ठरविले. तरीही घरोघरी एकच औषध सुचविले जाते: लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल. ज्या परक्या मुलीस अशा घरात आणून बसवायचे, तिला कोणी विचारले काय? आम्हांस तर मुलावरील अन्यायाहून तिच्यावरील अन्यायाची अधिक चीड येते.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. सावध राहण्याचे धडे आपण मुलींना देतो, मुलांना देत नाही. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही, आणि तृतीयपंथी बालकासही त्याचे संरक्षण आहे. परंतु ज्या मुलास स्वतःच्या आकर्षणाचीच लाज वाटते, तो आपल्यावर झालेला अत्याचार सांगेल कसा? ‘तुझेच चुकले असेल’ या भयाने तो गप्प बसतो. आकर्षण असणे वेगळे आणि कोणी मोठ्या माणसाने त्याचा फायदा घेणे वेगळे, हे त्यास आधीच सांगितलेले असेल तर तो निदान १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी तरी करील. निरोध, एच.आय.व्ही.ची सरकारी रुग्णालयातील मोफत तपासणी, वयात येताना शरीर बदलू लागले की पारलिंगी मुलाची होणारी घालमेल, हेही त्याच शिक्षणात यावयास हवे.

मराठीत साधने नाहीत असे नव्हे. पुण्याचे बिंदुमाधव खिरे यांनी ‘इंद्रधनू’, ‘मानवी लैंगिकता’ अशी पुस्तके लिहिली आहेत. अडचण आमच्याकडची निराळीच आहे. आमची मुले मराठी बोलतात, परंतु वाचावयास हिंदी मागतात. तेव्हा ही पुस्तके मागविलीच, तर ती आईबापांनी वाचून मुलांशी घरच्या बोलीत बोलावे लागेल.