सालमपंजा : कुरणातील कंद आणि आपली खरेदी

हिवाळ्याच्या तोंडावर पाक व अवलेहांची मागणी वाढते, आणि सालमपंजाचा भाव काय, ही विचारणा औषधी बाजारात सुरू होते. वृष्य, बल्य व बृंहण द्रव्य म्हणून हा कंद आपण सर्वच जाणतो. चरकाने शाकवर्गात सांगितलेला मुंजातक तो हाच, असे मत अनेक विद्वानांनी मांडले आहे. मात्र बरणीतल्या या पिवळसर, कठीण कंदाची वनस्पती कोठे व कशी वाढते, याविषयी आपल्यात फारशी चर्चा होत नाही. ती व्हावी असे आम्हांस वाटते, कारण आपण भाव कोणत्या मालाला देतो, याचा त्या वनस्पतीच्या जगण्याशी थेट संबंध आहे.

सालमपंजा म्हणजे डॅक्टिलोऱ्हायझा हतागिरिया. ही ऑर्किड कुलातील वनस्पती होय. ऑर्किड म्हटले की आपल्याकडे सह्याद्रीतील झाडांच्या फांद्यांवर वाढणारी आमरी डोळ्यांपुढे येते. ही मात्र जमिनीत वाढते. उंची साधारण एक ते दोन फूट, पाने लांबट व खोडाला वेढणारी, आणि जून-जुलैमध्ये शेंड्यावर जांभळट-गुलाबी फुलांचा दाट तुरा. कंद हाताच्या पंजासारखा, तीन ते पाच बोटांचा. गढवाल व नेपाळकडे तिला हत्ताजडी म्हणतात आणि लडाखात अंबोलग्पा. दोन्ही नावांत हातच आहे. (लडाखातील पारंपरिक वैद्यास ‘आमची’ म्हणतात, हे मराठी वाचकास गमतीचे वाटेल.) ‘हत्थाजोडी’ या नावाने ताईत म्हणून विकली जाणारी वस्तू मात्र सर्वस्वी निराळी. त्या नावाखाली घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय विकले जात असल्याचे 2017 मध्ये उघडकीस आले. नामसाधर्म्याने कोणी फसू नये म्हणून हा उल्लेख.

काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम आणि पुढे नेपाळ, भूतान असा हिमालयाचा उंच पट्टा हे तिचे घर. साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर, जेथे वृक्षांची सीमा संपते व गवताळ कुरणे सुरू होतात, तेथे ती आढळते. या कुरणांना गढवालात बुग्याल म्हणतात. चमोली जिल्ह्यातील फुलांच्या दरीतही ती आहे. तिला उघडे ऊन हवे, पण पायाशी ओल हवी. म्हणून झऱ्यांचे काठ, बर्फ वितळून पाझरणारे उतार आणि दलदलीच्या जागा तिला मानवतात. लडाखसारख्या कोरड्या प्रदेशात तर ती ओढ्याकाठच्या हिरवळीपुरतीच उरते. वर्षातील पाच-सहा महिने जमीन बर्फाखाली असते. उगवणे, फुलणे, बी धरणे आणि पुढील वर्षाची शिदोरी साठविणे, हे सर्व तिला मे ते सप्टेंबर एवढ्याच अवधीत उरकावे लागते.

ही शिदोरी म्हणजेच कंद, आणि आपल्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट येथे आहे. फुलोऱ्याच्या वेळी रोप उपटले तर मुळाशी दोन कंद दिसतात. एक काळपट व सुरकुतलेला. तो गतवर्षीचा, यंदाच्या रोपाला पोसून रिता होत आलेला. दुसरा पांढरा, टणक, भरलेला. तो पुढील वर्षीचे रोप आपल्या पोटात घेऊन बसलेला. शरदात जुना कुजतो व नवा बर्फाखाली झोपतो. बाजारात भाव मिळतो तो भरीव, पांढऱ्या पंजाला. म्हणजे ज्याला आपण उत्तम प्रत म्हणतो, तो पुढील वर्षीचा अंकुरच होय. गुळवेलीचे कांड तोडले तरी वेल फुटते, हिरड्याची फळे वेचली तरी वृक्ष उभा राहतो. येथे तसे नाही. एक पंजा म्हणजे एक रोप.

बीजापासून भरपाई होत असेल, अशी शंका कोणी घेईल. एका बोंडात हजारो बिया असतात हे खरे. पण त्या धुळीच्या कणांएवढ्या असून त्यांत अंकुरास पोसणारे अन्न नसते. मातीतील विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच बी रुजते, आणि रुजल्यावर फुलण्यास काही वर्षे जातात. बी पडण्यापूर्वीच कंद खणला, तर तीही आशा संपते.

2022 च्या डिसेंबरमध्ये आययूसीएनच्या लाल सूचीत या वनस्पतीची नोंद ‘संकटग्रस्त’ म्हणून झाली. ही वनस्पती साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने निर्यातदार फार्मसींनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

मग करावे काय? भावमिश्राने अष्टवर्गातील द्रव्ये राजांनाही दुर्लभ झाल्याचे जाणून मेदा-महामेदेऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा आणि ऋद्धि-वृद्धीऐवजी वाराहीकंद सांगितला. जीवक, ऋषभक, ऋद्धि व वृद्धि म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या चारही वनस्पती हिमालयातील ऑर्किडच आहेत, हा योगायोग लक्षणीय आहे. सालमपंजाबाबत हाच मार्ग स्वीकारण्यास शास्त्राची आडकाठी नाही, असे आमचे मत आहे. वृष्य व बल्य कार्यासाठी लागवडीची सफेद मुसळी, शतावरी वा अश्वगंधा घ्यावी. कार्य तंतोतंत तेच असेल असे नव्हे. परंतु वैद्याने मात्रा व अनुपान यांची योजना करावी. फार्मसीने मात्र परस्पर बदल करू नये. अनुज्ञप्ती प्राधिकाऱ्याकडून बदललेल्या पाठास मान्यता घ्यावी आणि वेष्टनावर तसे छापावे.

एक प्रतिनिधी मात्र आम्हांस मान्य नाही. युलोफिया जातींचे कंद, ज्यांस आपल्याकडे अमरकंदही म्हणतात, सालम म्हणून खपविले जातात. तीही जमिनीतील ऑर्किडच. हिमालयातील खणती थांबवून ती मैदानात व सह्याद्रीत आणण्यात काय साधले?

ज्यांना खरेदी करावीच लागते त्यांनी चूर्ण घेऊ नये, अखंड कंद घ्यावा. चूर्णात पंजाची ओळखच नाहीशी होते. माल लागवडीचा असल्याचा दाखला आणि मूळ राज्यातील वन विभागाचा वाहतूक परवाना मागावा. दाखला नसलेला माल स्वस्त मिळत असेल, तर तो कोणत्या कुरणातून आला असेल, हे आता वेगळे सांगावयास नको.