पक्ष, कोरम आणि नमुना ६

कोथरूडमध्ये ३२ फ्लॅटची आमची जुनी सोसायटी. मी तिची सेक्रेटरी. नोकरी बँकेत, आणि हा चौथा शनिवार म्हणून सुट्टी. पण सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आहे. एकीकडे पितृपंधरवडा चालू, दुसरीकडे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० तारखेच्या आत घ्यायची. मागच्या वर्षीही दोन्ही अशीच एकावर एक आली होती.

शनिवार

सकाळी ६.०० : सासूबाईंची थायरॉइडची गोळी. ती उपाशीपोटी आणि चहाच्या अर्धा तास आधी घ्यायची, म्हणून घरातलं पहिलं काम तेच. आज मामंजींचा पक्ष. अळूची पानं धुऊन निथळत ठेवली, वड्यांचं पीठ भिजवलं.

७.१५ : कचरा न्यायला 'स्वच्छ'च्या ताई आल्या. कचरावेचकांची ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते. घरटी मिळणारे महिन्याचे पैसे आणि भंगाराची विक्री हीच या ताईंची कमाई. आज पुन्हा तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याच्या पिशवीत ओलं-सुकं एकत्र. "मॅडम, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायला सांगा ना त्यांना. हात माझा जातो आत." ते जोडपं आठवडाभर सकाळी लवकर बाहेर पडतं, शनिवारीच सापडतं. तशीच वर गेले. दार उघडलं, ऐकून घेतलं, लाल पेन माझ्याकडूनच मागून घेतलं.

८.०० : कोरडा दिवस. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात; म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी करायची. वॉचमनला घेऊन गच्चीवर गेले. कुंड्यांखालच्या ताटल्या, तुटका पिंप, कुणीतरी ठेवून दिलेलं टायर. पाणी नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात, घासावं लागतं. टायर कुणाचं ते कुणालाच माहीत नाही. भंगारात गेलं की मालक उगवेल.

१०.०० ते २.०० : या चार तासांत फोन सासूबाईंच्या कपाटात. पंधरवड्यात गुरुजींना श्वास घ्यायला उसंत नसते. आमच्याआधी एक घर, नंतर दोन. त्यांनी साडेअकरा म्हटलं की साडेअकराला ताटं तयार हवीत. खीर, वडे, अळू, गवार, कारलं, कढी, आमसुलाची चटणी. कांदा-लसूण नाही. नवरा पिंडांना बसला, लेकीने गच्चीवर पान ठेवलं. कावळा लगेच आला नाही. सासूबाई वर जाऊन म्हणाल्या, "सभेची काळजी करू नका, ती उद्या होईल," आणि आला. त्यांच्या मते मामंजींचा जीव सोसायटीतच अडकला होता. पहिले चेअरमन तेच.

५.०० : कपाटातून फोन काढला. ग्रुपवर एकच प्रश्न रंगला होता : पक्षात मीटिंग कशी काय ठेवली? उत्तर एका ओळीत दिलं, "नवीन काही सुरू करत नाही आहोत, जुनेच हिशेब आहेत." मग हजेरीपत्रक, ताळेबंदाच्या प्रती, खुर्च्यांचा निरोप.

रविवार

७.०० : माहेरी आईचं उपाशीपोटी रक्त. लॅबचा मुलगा घरी येतो, पण आई त्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही, आणि मला तर नाहीच.

१०.०० : पार्किंगमध्ये सभा. कोरम म्हणजे दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यांतला कमी आकडा, आमच्यासाठी २०. हजर १३. अर्ध्या तासात गणसंख्या भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि नोटिशीत तसं लिहिलेलं असेल तर त्याच दिवशी पुढच्या वेळेला भरते. तिला गणसंख्येची अट नाही. हे सगळ्यांना पाठ आहे, म्हणून बाकीचे पावणेअकराला, तहकूब सभेच्या बरोबर वेळेवर, आंघोळ-पांघोळ करून आले.

वाद नेहमीचा. तळमजल्यावरचे काका : "मी लिफ्टचं बटणही दाबत नाही." उपविधी सांगतात, वापर असो-नसो, लिफ्टचा खर्च इमारतीतल्या सगळ्या सभासदांत समान. काकांना हे ठाऊक आहे. पण दरवर्षी इतिवृत्तात त्यांचा विरोध नोंदला जावा, एवढीच त्यांची मागणी, आणि ती रास्त आहे. नोंदवला. सिंकिंग फंडातून गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं ठरलं.

३.३० : मतदार यादीचं काम पाहणाऱ्या बीएलओ बाई आल्या. शेजारच्या मुलीचं नुकतंच अठरावं वर्ष संपलं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा असतात, म्हणून तिने मतदार नोंदणीचा नमुना ६ ऑनलाइन भरला होता; त्याची ही पडताळणी. तिचे आईवडील गावी, म्हणून मी. बाई आठवडाभर शाळेत शिकवतात आणि रविवारी यादी घेऊन जिने चढतात. मी कालपासून सुट्टी कुठे गेली म्हणून कुरकुरत होते. कचऱ्याच्या ताई, गुरुजी, लॅबचा मुलगा, या बाई, यांच्यापैकी कुणालाच सुट्टी नव्हती. कुठलं काम आधी करायचं, याचा माझा हिशेब यावरूनच ठरतो : ज्या कामात दुसऱ्याची वेळ अडकलीय ते आधी. माझ्या एकटीचं थांबू शकतं.

६.०० : माझ्या एकटीचं म्हणजे इस्त्री. थांबली. लेकीचं गणित थांबत नव्हतं, सोमवारी चाचणी.

९.३० : इतिवृत्त. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते, काकांचा विरोध. शेवटचा ठराव माझा : लेखापरीक्षण ३१ जुलैपर्यंत पूर्ण व्हायला हवंच असतं, तर पुढची सभा ऑगस्टमध्ये घ्यावी. गणपतीही बहुधा नाहीत, पक्षही नाही. मंजूर झाला. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आठवण करून दिली की श्रावणात रविवारी घरोघरी सत्यनारायण असतात. म्हणून 'शनिवारी' असा शब्द घातला. दुसरा किंवा चौथा.