एलडीएल : मोजलेले की गणिताने काढलेले?

प्रमेह, स्थौल्य वा हृद्रोगाचा रुग्ण आज लिपिड प्रोफाइलचा अहवाल घेऊनच आपल्याकडे येतो. त्यातील एलडीएलच्या आकड्यावरून आपण चिकित्सेचे यशापयश ठरवितो. परंतु अनेक अहवालांत हा आकडा प्रत्यक्ष मोजलेला नसून गणिताने काढलेला असतो, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

फ्रीडवाल्ड सूत्र

१९७२ साली फ्रीडवाल्ड, लेव्ही व फ्रेडरिकसन यांनी हे सूत्र मांडले. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा केला की उरते ते एलडीएल. हा पाचवा हिस्सा म्हणजे व्हीएलडीएलमधील कोलेस्टेरॉल, असे गृहीत धरलेले आहे. मात्र ट्रायग्लिसराइड वाढले की हे प्रमाण बिघडते. वजावट अधिक होते आणि एलडीएल वास्तवाहून कमी दिसते. ट्रायग्लिसराइड ४०० मि.ग्रॅ.हून अधिक असल्यास हे सूत्र वापरू नये, असे मूळ लेखकांनीच बजावले होते.

उदाहरण पाहू. एकूण कोलेस्टेरॉल १७६, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड ३४० (सर्व मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर). फ्रीडवाल्डनुसार एलडीएल ६८ येते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या सॅम्पसन व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दिलेल्या, ट्रायग्लिसराइड ८०० पर्यंत चालणाऱ्या सूत्राने तेच सुमारे ८१ भरते. उच्च जोखमीच्या रुग्णाचे उद्दिष्ट ७० च्या खाली असेल, तर एका सूत्राने तो उद्दिष्ट गाठतो, दुसऱ्याने नाही. रक्त मात्र एकच! २०१३ चे मार्टिन-हॉपकिन्स सूत्रही ‘पाच’ हा भाजक स्थिर न ठेवता रुग्णागणिक बदलते.

प्रत्यक्ष मापन

‘डायरेक्ट एलडीएल’ चाचणीत विशिष्ट रसायने व एन्झाइमे वापरून केवळ एलडीएलमधील कोलेस्टेरॉल मोजले जाते. तीही सर्वस्वी निर्दोष नाही. निरनिराळ्या कंपन्यांची रसायने भिन्न असल्याने, विशेषतः ट्रायग्लिसराइड वाढलेल्या रक्तात, त्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळतीलच असे नाही.

व्यवहारात काय करावे?

१. अहवालात ‘डायरेक्ट’ की ‘कॅल्क्युलेटेड’ हे पाहावे. उल्लेख नसल्यास प्रयोगशाळेस विचारावे.

२. चिकित्सेपूर्वीची व नंतरची तपासणी एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने करावी. अन्यथा पद्धतीतील फरक आपण गुग्गुळकल्पाचा गुण वा दोष समजू.

३. ट्रायग्लिसराइड वाढलेले असल्यास एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून ‘नॉन-एचडीएल’ पाहावे. यात कोणतेही गृहीतक नाही. त्याचे उद्दिष्ट एलडीएलच्या उद्दिष्टाहून ३० ने अधिक, म्हणजे येथे १०० च्या खाली, धरतात. वरील रुग्णाचे ते १३६ आहे. अर्थात ६८ हा आकडा दिलासा देणारा असला तरी विश्वासार्ह नाही.

४. औषधविक्रेत्या बंधूंनी केवळ कमी दिसणाऱ्या एलडीएलवरून ग्राहकास चालू स्टॅटिन बंद करण्याचा सल्ला देऊ नये. त्यास चिकित्सकाकडे पाठवावे.

आकडा वाचण्यापूर्वी तो कसा आला हे जाणणे, हाही रोगपरीक्षणाचाच भाग होय, असे आम्हांस वाटते.